हात लावलेले मोहरे

बुद्धिबळात आपल्या मोहऱ्याला हात लावला की तेच चालवावे लागते. विचार बदलला म्हणून ते जागेवर ठेवून दुसरे उचलता येत नाही आणि हे पाहण्यासाठी पंच असतो. अर्काडी ड्वोर्कोविच यांचे वडील असेच आंतरराष्ट्रीय पंच होते. मुलगा अर्थशास्त्राकडे वळला. मॉस्कोनंतर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शिकला, राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांचा आर्थिक सल्लागार झाला, २०१२ ते २०१८ रशियाचा उपपंतप्रधान राहिला आणि २०१८ मध्येच बाटुमी येथे १०३ विरुद्ध ७८ मतांनी जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, म्हणजे फिडेचा, अध्यक्ष झाला.

युक्रेनवरील हल्ल्यानंतर, मार्च २०२२ मध्ये, एका अमेरिकी नियतकालिकाला ते म्हणाले की युद्धाइतके वाईट काही नाही, हे युद्धही त्याला अपवाद नाही आणि आपले मन युक्रेनच्या नागरिकांजवळ आहे. सत्ताधारी पक्षाच्या एका नेत्याने हकालपट्टी मागितली आणि तंत्रज्ञानाला चालना देणाऱ्या रशियातल्या स्कोल्कोवो फाउंडेशनचे त्यांचे अध्यक्षपद गेले. त्याच दिवसांत त्यांचे एक निवेदनही आले. नाझीवादाला थारा नाही, असे त्यात होते. हल्ल्याचे समर्थन करताना क्रेमलिन हीच भाषा वापरत होते. उचललेले मोहरे पुन्हा जागेवर गेले.

मॉस्कोत राहून बोलणे किती अवघड, हे मान्यच करायला हवे. एका वाक्यासाठी पद गमावणाऱ्याला भित्रा म्हणणे अन्याय होईल. पण फिडेची खुर्ची सोडायला मुलाखतही द्यावी लागत नव्हती, निवेदनही काढावे लागत नव्हते. त्यांच्या काळात कामे झाली, हेही खरे. ऑलिम्पियाड मॉस्कोहून हलवले गेले, रशियाच्या संघाला बंदी झाली. मात्र युद्धाच्या समर्थनासाठी रशियाच्या ग्रँडमास्टर कार्याकिनला फिडेच्याच नैतिकता व शिस्त आयोगाने सहा महिने बाहेर ठेवले. खेळाडूला त्याच्या शब्दांचा जाब विचारणाऱ्या संस्थेचा प्रमुख, क्रिमिया गिळला गेला तेव्हा त्याच सरकारात उपपंतप्रधान होता. क्रिमिया घेण्याच्या त्या निर्णयाविषयी त्याची भूमिका काय, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक सदस्य देशाला होता, युक्रेनला तर सर्वांत आधी.

चेन्नईत ऑगस्ट २०२२ मध्ये ते १५७ विरुद्ध १६ मतांनी पुन्हा निवडून आले. विरोधात युक्रेनचा ग्रँडमास्टर बारिशपोलेट्स होता. आपले विश्वनाथन आनंद ड्वोर्कोविच यांच्याच पॅनेलमधून उपाध्यक्ष झाले, त्यामुळे हा विषय आपल्यालाही परका नाही. अध्यक्ष कोण हे मतांनी ठरते, पण तो निःपक्ष आहे का हे मतांनी ठरत नाही. ड्वोर्कोविच यांनी ती निवडणूक लढवायला नको होती.