पाच्छापूरचा पाहुणा

पालीजवळ, सुधागडाच्या पायथ्याशी पाच्छापूर आहे. नोव्हेंबर १६८१ मध्ये इथे छत्रपती संभाजी महाराज औरंगजेबाच्या बंडखोर मुलाला, शहजादा अकबराला भेटले. दुर्गादास राठोडासह दक्षिणेत उतरलेला अकबर काही महिने पालीच्या परिसरातच मुक्काम करून होता. मराठी फौजेनिशी उत्तरेत चलावे, मला दिल्लीच्या तख्तावर बसवावे, हे त्याचे मागणे. दुसऱ्याच्या राज्यातल्या भांडणात सैन्य घालावे की आपली हद्द राखावी, हा प्रश्न मराठी राज्यापुढे असा समोर येऊन बसला.

महाराजांना तो बेत परका नव्हता. आमेरच्या रामसिंहाला धाडलेल्या त्यांच्या संस्कृत पत्रात अकबराला तख्तावर बसवण्याचाच विचार आहे. पण भेटीच्याच महिन्यात औरंगजेब बुऱ्हाणपुरात पोचला होता आणि जंजिऱ्याचा सिद्दी कोकणाला छळत होता. हे दोघे मागे ठेवून महाराज उत्तरेत गेले नाहीत. संधी दवडली, असे म्हणणारे आहेत. मला तो निर्णय रास्त वाटतो. तरीही त्या निर्णयाला अलिप्तता म्हणता येणार नाही. शहजाद्याला आसरा दिला तेव्हाच राज्य त्या भांडणात उतरले होते. अकबर १६८७ मध्ये समुद्रमार्गे इराणकडे निघून गेला, त्याचा बाप मात्र १७०७ मध्ये मरेपर्यंत दख्खनेतून हलला नाही.

शाहू महाराजांच्या दरबारात हाच वाद पुन्हा उभा राहिला. श्रीपतराव प्रतिनिधींचे म्हणणे, आधी घरचा बंदोबस्त. बाजीराव पेशव्यांची नजर उत्तरेवर. बाजीरावांच्या पराक्रमापुढे प्रतिनिधींना भित्रे ठरवून आपण मोकळे होतो. हा अन्याय आहे. पुढे १७५२ च्या करारात मराठ्यांनी पैसा आणि चौथाईच्या बदल्यात दिल्लीच्या बादशहाच्या रक्षणाची हमी घेतली. बाजीरावांची फौज स्वारी संपवून परत येत असे. ही हमी परत येऊ देणारी नव्हती. नऊ वर्षांत पानिपत झाले.

मग बाहेर पाऊल टाकूच नये का? पालीच्याच बल्लाळेश्वराच्या देवळातली मोठी घंटा बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेतून आलेली. पोर्तुगीजांच्या मुलखातली माणसेच, गंगाजी नाईक अणजूरकरांसारखी, वर्षानुवर्षे पेशव्यांकडे दाद मागत होती. ती मोहीम १७३९ मध्ये फत्ते झाली, त्यात या माणसांचा वाटा मोठा होता.

आपल्या काळातही हाच प्रश्न उभा राहिला. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. तिथल्या बंगाली स्वातंत्र्यसैनिकांची मुक्तिवाहिनी आधीच लढत होती. ढाका पडल्यावर तीन महिन्यांत आपले सैन्य मायदेशी परतले, आणि माझ्या लेखी त्या युद्धाचा मोठेपणा या परतण्यातही आहे. १९८७ मध्ये श्रीलंकेत मात्र सैन्य दोन सरकारांच्या करारावर गेले. ज्या तमिळांच्या हितासाठी ते गेले, त्यांच्यातल्याच ‘तमिळ वाघ’ बंडखोरांशी त्याला लढावे लागले. सुमारे बाराशे जवान कामी आले. १९८९ मध्ये कोलंबोचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनीच भारताला फौज मागे घ्यायला सांगितले.