बारा तासांचा हक्क

एक सवाल घेऊन आलोय. रात्रपाळी करून घरी येतो, आडवा होतो, आणि हा सवाल छातीवर येऊन बसतो. सवाल साधा आहे. ज्या माणसानं जन्मभर कायद्याची बाजू घेतली, त्याला एक दिवस कायद्याच्याच तोंडून सांगितलं, तुझा संप बंद, चल कामावर. तर त्यानं काय करायचं? जायचं, की उभं राहायचं?

सवाल माझ्या गिरणीतला आहे. पण उत्तर शोधायला मी पार कॅनडात गेलो. हसू नका. पासपोर्ट नाही माझ्याकडं, मोबाईल आहे. तिथं हाच सवाल २०२५ च्या ऑगस्टमधे दहा हजारांवर कामगारांनी रस्त्यावर उभं राहून सोडवला. सुटला का, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

एअर कॅनडा ही तिथली सगळ्यात मोठी विमान कंपनी. विमानात प्रवाशांची उस्तवार करणारे हे कामगार, त्यात बाया जास्त. आपल्याला वाटतं, विमानातली नोकरी म्हणजे नुसता अत्तराचा वास. तर त्यांच्या पगाराची रीत ऐका. विमान हललं की पगाराचं घड्याळ सुरू. त्याआधी माणसं आत घ्या, बॅगा वर चढवायला हात लावा, सुरक्षेची तपासणी करा, उशीर झाला तर लोकांच्या शिव्या खा, ह्याचे पैसे नाहीत. उडालात तर कामगार, जमिनीवर असलात तर वेठबिगार.

हे वाचलं आणि मला माझं खातं दिसलं. पाळीच्या आधी वीस मिनिटं आम्ही हजर असतो. मशीन पुसायचं, साचलेला कापूस काढायचा, बॉबिनी लावायच्या. भोंगा झाला की मग हजेरी. ती वीस मिनिटं कुणाच्या खात्यावर? आमच्या एका जुन्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "पोरा, ती देवाच्या खात्यावर." मी म्हटलं, मामा, आपल्याला देव कुठाय?

असो. त्या कामगारांनी संपासाठी मतदान घेतलं. १०० पैकी ९९ च्या वर मतं संपाला. १६ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर संप सुरू. आणि बारा तास भरायच्या आत रोजगारमंत्री पॅटी हायडू बाईंनी तिथल्या कामगार कायद्याचं कलम १०७ काढलं. ह्या कलमात मंत्री औद्योगिक शांततेच्या नावाखाली कामगार बोर्डाला सांगू शकतो की ह्यांना कामावर पाठव आणि भांडण लवादाकडं दे. पूर्वी संप मोडायचा तर सरकारला पार्लमेंटात कायदा आणावा लागे. चार माणसं उठून विरोधात बोलत, त्याची नोंद होई. आता एका मंत्र्याची सही पुरते. २०२४ च्या ऑगस्टमधे रेल्वेवर हेच केलं, नोव्हेंबरमधे बंदरांवर, डिसेंबरमधे पोस्टाच्या पंचावन्न हजार कामगारांवर.

आणि हा तोच देश आहे, जिथल्या सुप्रीम कोर्टानं २०१५ साली निकाल दिला की संप करण्याचा हक्क राज्यघटनेनं राखलेला आहे. म्हणजे हक्क हातावर ठेवायचा, आणि मूठ मिटायच्या आत काढून घ्यायचा. हक्क आहे, पण बारा तासांचा. कुणाला टोचत नाही तोवरचा.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर मला एकतर्फी म्हणाल. त्या संपानं दिवसाला लाखावर प्रवासी अडकले. त्यात कुणी आजारी असेल, कुणी मयताला निघालेला असेल. लवाद म्हणजे काही फाशी नव्हे, तोही कधी चार पैसे वाढवून देतो. सरकार म्हणतं, आम्ही जनतेचं बघतो. खोटं नाही ते सगळं. पण मालक येडा नसतो. संप झाला की सरकार धावून येणार हे त्याला ठाऊक असलं, तर तो टेबलावर बसून बोलणी कशाला करील? तो घड्याळ बघत बसेल. म्हणजे जनतेचे जे हाल होतात, ते ह्या कलमामुळंच आणखी ओढवतात.

बोर्डानं हुकूम काढला, १७ तारखेला दुपारी दोनला कामावर या. कामगार गेले नाहीत. युनियनचा राष्ट्रीय अध्यक्ष मार्क हॅनकॉक म्हणाला, तुरुंगात जायची वेळ आली तर जाऊ. १८ ला बोर्डानं संप बेकायदा ठरवला. तरी गेले नाहीत. आणि १९ ला पहाटे कंपनी टेबलावर आली. समझोता झाला. जमिनीवरच्या कामाला पहिल्यांदा पैसे मिळाले, सुरुवातीला तासाच्या दराच्या निम्मे. अर्धीच भाकरी. पुढं पगाराचा भाग कामगारांनी मतदानात जवळजवळ एकमुखानं फेटाळला, पण पुन्हा संप करायचा नाही हे आधीच मान्य केलेलं होतं. तो भाग गेला लवादाकडंच.

इथं माझा दोस्त मला अडवतो. तो म्हणतो, "तू हुकूम मोडायला टाळ्या वाजवतोस? घटना कुणी लिहिली? २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेब काय बोलले?" खरंय. घटनेचे मार्ग उघडे असताना सत्याग्रह, कायदेभंग सोडून द्या, असं बाबासाहेबांनी बजावलं होतं. आणि त्याच्याही आधी, डिसेंबर १९२७, महाड. हजारो माणूस तळ्यावर जायला निघालेला. कोर्टाचा मनाई हुकूम आला. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला लावला. लोक चिडले असतील, पण थांबले. कोर्टात लढले. १९३७ ला हायकोर्टात जिंकले. दहा वर्षं! आपला बाप हुकूम पाळणारा होता, हे मान्य करूनच पुढं बोलू.

पण तोच बाप १९३८ साली मुंबईच्या असेंब्लीत उभा राहिला. औद्योगिक कलहाचं बिल आलं होतं, संपाला गुन्हा ठरवणारं. बाबासाहेबांनी सांगितलं, संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे. काम थांबवलं म्हणून शिक्षा देणं म्हणजे माणसाला गुलाम करणं. नुसतं बोलून थांबले नाहीत. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांच्या बरोबरीनं एक दिवसाचा संप केला.

मग ह्या दोन बाबासाहेबांत भांडण आहे का? मी पुष्कळ दिवस असंच समजत होतो. आता वाटतं, नाही. महाडला दार बंद नव्हतं. कोर्टात जाता येत होतं, आणि गेले. १९४९ चं सांगणंही अटीचं आहे, मार्ग उघडे असताना. आणि १९३८ चं बिल तर दारालाच कुलूप घालणारं होतं. कलम १०७ त्याच जातीचं कुलूप. कामगाराकडं बोलणी करायला जमीन नाही, भांडवल नाही. काम थांबवणं एवढंच त्याचं दार. ते बंद करून वर म्हणायचं, सनदशीर मार्गानं या! कुठून येणार? भिंतीतून?

अर्थात हुकूम मोडण्यातही फरक असतो. रात्री मशीनचा पट्टा कापणारा वेगळा. आणि दिवसाढवळ्या, नाव सांगून, सगळ्यांनी मिळून उभं राहून, शिक्षा पत्करणारा वेगळा. कॅनडातल्याच पोस्ट युनियनचा पुढारी जाँ-क्लोद पारो ह्यानं १९७८ ला कामगारांना कामावर जायला सांगायचं नाकारलं. तीन महिन्यांची शिक्षा झाली, तुरुंगात गेला. पळाला नाही. कायद्याला तोंड दाखवून सांगणं की तू चुकलास, हे मला कायद्याचा अपमान वाटत नाही.

पण दोस्तहो, टाळ्या वाजवताना हात जरा आवरा. युनियन म्हटली की ती न्यायाचीच, हे आपल्यानं म्हणवत नाही. त्याच कॅनडात १९०८ साली रेल्वे कामगारांच्या ब्रदरहुडनं आपल्या घटनेत लिहून ठेवलं होतं, सभासद फक्त गोरा. झोपायच्या डब्यात बिछाने घालणारे काळे पोर्टर बाहेर. त्यांनी १९१७ ला विनिपेगमधे स्वतःची संघटना काढली. १९१९ ला गोऱ्यांनी दार उघडलं, पण पंगत वेगळी मांडली. आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला बंदी होती, कारण धागा तोंडानं ओला करावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तोच सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला होता.

आणि आजही ओंटारिओतला शेतमजूर तिथल्या कामगार कायद्याच्या बाहेर आहे. त्यातले कितीतरी मेक्सिको, जमैकाहून हंगामाला येतात. परमिट एकाच मालकाशी बांधलेलं. मालकानं काढलं की घरी रवाना. त्याच्याकडं मोडायला हुकूमसुद्धा नाही. हुकूम मोडणं हीही एक ऐपत असते. ज्याच्याकडं ती आहे, त्यानं ती नुसती स्वतःसाठी खर्च केली तर ती गिरणीच्या आतली सवर्णगिरीच.

आता माझं सांगतो. गेल्या साली आम्ही त्या वीस मिनिटांसाठी संपाची भाषा केली. आम्हाला कागद दाखवला गेला : चौदा दिवसांची नोटीस, समेटाची बोलणी चालू असेतो संप बेकायदा. सभा झाली. हात वर करायला सांगितलं. माघार घ्यायच्या बाजूनं जे हात वर गेले, त्यात माझा होता. मी स्वतःला सांगितलं, हे महाड आहे, आपण थांबतोय. पण महाडचे लोक थांबून कोर्टात गेले. आम्ही थांबून घरी गेलो. वीस मिनिटं अजून देवाच्याच खात्यावर आहेत.

तेव्हा पुढच्या सभेत हात वर करायच्या आधी मी तीन गोष्टी विचारणार आहे. दार खरंच बंद आहे, की आम्ही ठोठावलंच नाही? मोडायचं तर सगळे उजेडात उभे राहणार का? आणि बदलीवाला, कंत्राटी, संडास साफ करणारी बाई, ही आमच्या पंगतीत आहेत का?

तिन्हींचं उत्तर मिळालं तर माझा हात खाली राहील. पाय मात्र गेटबाहेर असतील.

तुमचं म्हणणं लिहून कळवा. शिव्या दिल्यात तरी छापू.

जयभीम.