पत्र्याखालचा आवाज

रायगडातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत शाळा आणि पाऊस साधारण एकाच सुमारास सुरू होतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि ज्या वर्गावर पत्रे आहेत तिथे तो बाहेर दिसण्याआधी आत ऐकू येतो. अशा वर्गात टॅब लावला किंवा गुरुजींनी आपला मोबाइल टेबलावर ठेवला, तर शेवटच्या ओळीतल्या पोराला काय ऐकू जातं, हा विचार खरेदी करणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. दरपत्रकात स्क्रीन किती इंची, मेमरी किती, बॅटरी किती तास हे सगळं असतं. आवाजाच्या रकान्यात फार तर ‘ड्युअल स्पीकर’ एवढे दोन शब्द. टॅबचा आवाज चांगला की मोबाइलचा, हा वाद एरवी हौशी लोकांचा. गाणी आणि सिनेमे डोळ्यांपुढे ठेवून तो चालतो आणि कौल बहुधा टॅबच्या बाजूने जातो. हा कौल खोटा नाही. पण तो ज्या खोलीत बसून दिलेला असतो ती खोली शांत असते, आणि ऐकणाऱ्याला समोरची भाषा येत असते. या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या तर काय उरतं, ते पाहायचं आहे.

आधी टॅबचं श्रेय टॅबला देऊ. आवाज म्हणजे हलवलेली हवा. खालचा, खर्जाकडचा आवाज काढायला जास्त हवा हलवावी लागते: स्वर एक सप्तक खाली आला, की तितकाच मोठा ऐकू येण्यासाठी स्पीकरच्या चकतीला चौपट झुलावं लागतं. मोबाइलमधल्या स्पीकरची चकती नखाएवढी, तिच्या मागे कोंडलेली हवा घन सेंटिमीटरभर, आणि झुलायला जागा मिलिमीटरच्या आतली. त्यामुळे काहीशे हर्ट्झच्या खाली मोबाइलचा आवाज झपाट्याने विरत जातो. टॅबच्या पोटात जागा जास्त; चकती मोठी घेता येते, एकीऐवजी चार बसवता येतात, आणि डाव्या-उजव्या बाजूंत खरोखर अंतर राहतं. 2015च्या पहिल्या आयपॅड प्रोमध्ये चार कोपऱ्यांना चार स्पीकर आले ते याच जागेच्या जोरावर. आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचं मात्र या भांडणात फारसं काम नाही. आकड्यांचा आवाज करणारी चिप आज साध्या मोबाइलमध्येही इतकी बरी असते, की तिच्यातला फरक कानापर्यंत क्वचितच पोचतो. थोडक्यात, टॅब जिंकतो तो पोटातल्या मोकळ्या जागेवर. ती जागाच म्हणायची, तर आजोबांच्या जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये तीन-चार इंची कागदी कर्णा आणि डबाभर हवा होती. पोटातल्या हवेच्या हिशेबात आजचा कोणताही टॅब त्याच्या जवळ जात नाही.

हा फरक कानाने पकडायचा तर सप्ताहातलं भजन ऐकावं. पखवाजाच्या एका तोंडाला शाई असते, दुसऱ्याला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. कणकेच्या बाजूची थाप छातीत घुमते. तेच भजन मोबाइलवर रेकॉर्ड करून मोबाइलवरच लावलं, की शाईची टिकटिक तेवढी उरते आणि घुमारा जातो. चांगल्या टॅबवर तो थोडा परत येतो. आता यातली गमत अशी, की ज्याने पखवाज समोर बसून ऐकला आहे त्याला मोबाइलवरही तो पखवाजच वाटतो. मूळ खालचा स्वर गायब असला तरी त्याच्या वरच्या उपस्वरांची ओळ शिल्लक असेल, तर मेंदू हरवलेला स्वर स्वतःच मांडून घेतो. कानाचा हा गुण शास्त्राला चांगला माहीत आहे. आपल्या तालवाद्यांच्या भारित तोंडातून निघणारे उपस्वर तंतुवाद्यासारखे शिस्तीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी एस. कुमार यांच्यासह 1920 साली ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. उपस्वर शिस्तीचे असले की मेंदूचं काम सोपं होतं. वर जुन्या आठवणीची भर पडते. म्हणजे मोबाइलने गाळलेलं ऐकणारा आपल्या गाठीतून भरून काढतो. ज्याच्या गाठीला काहीच नाही, त्याने काय भरायचं?

माझ्या मते या सगळ्या तुलनेचा काटा इथेच आहे. खराब आवाजाचा भुर्दंड जाणत्याला कमी बसतो आणि शिकणाऱ्याला जास्त. संगीतात हा तोटा आनंदाचा. वर्गात तो शब्दाचा होतो. मराठीतले शब्द वेगळे करणारे धागे फार बारीक आहेत. ‘कडा’ आणि ‘खडा’ यांच्यातला फरक सेकंदाच्या काही शतांश भागाएवढ्या श्वासाच्या फुंकरीचा. ‘साल’ आणि ‘शाल’ यांच्यातला फरक घर्षणाची सळसळ किती उंच आहे याचा. ‘स’ची सळसळ चार हजार हर्ट्झच्या वर भरते, ‘श’ची त्याहून खाली. ‘चार’मधला च आणि गुरांच्या ‘चाऱ्या’तला च आपण वेगळे उच्चारतो, पण लिहिताना त्यांना अक्षर एकच. पाण्याचा जग आणि दुनिया या अर्थाचं जग कागदावर तर अगदी सारखेच दिसतात. हा भेद पुस्तक शिकवूच शकत नाही, तो कानानेच शिकायचा. कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधल्या ठाकूर आणि कातकरी मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीहून वेगळी असते. त्यांच्यासाठी शाळेतली मराठी ही अर्धी नवी भाषाच. मुलांना मोठ्यांपेक्षा, आणि भाषा नव्याने शिकणाऱ्याला ती येणाऱ्यापेक्षा, गोंगाटातून बोलणं वेगळं काढायला अधिक स्वच्छ आवाज लागतो, हे वाक्-श्रवणाच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. जी मुलं या दोन्ही गटांत बसतात त्यांच्यासमोर आपण कोणता स्पीकर ठेवतो, हे म्हणूनच चैनीचं प्रकरण नाही.

इथे टॅबच्या विजयाला पहिलं भोक पडतं. टॅब ज्या बाबतीत पुढे आहे तो खर्ज शब्द समजायला फारसा लागत नाही. टेलिफोनने कित्येक दशकं 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात जगाचं बोलणं चालवलं. नड आली ती वरच्या टोकाला, ‘स’ आणि ‘फ’ एकमेकांत मिसळले. शब्दाचा जीव वर आहे, आणि वरचे स्वर सरळ रेषेत जाणारे, वाटेत आलेल्या कशानेही अडणारे. मग स्पीकर किती मोठा यापेक्षा त्याचं तोंड कुणीकडे, हा प्रश्न मोठा होतो. स्वस्तातल्या पुष्कळ टॅबमध्ये स्पीकर एकच असतो आणि तोही पाठीला. टॅब सतरंजीवर आडवा ठेवला, की सगळा ‘स’ सतरंजी ऐकते. मोबाइल आडवा धरला, की खालचं भोक तळहाताखाली जातं. त्या भोकाच्या जाळीत खिशातला धागा, पीठ, पावसाळ्याची ओल साठत जाते आणि आवाज महिन्यागणिक मंद होतो. धन्याला ते कळतही नाही, कारण तो रोज थोडा थोडा सरावत असतो. मोबाइल स्टीलच्या पेल्यात उभा करायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. पेल्यात आवाज मोठा होतो हे खरं, पण पेला स्वतःला आवडणारे स्वर तेवढे फुगवतो आणि शब्द आणखी गढूळ करतो. मोठा आवाज आणि चांगला आवाज यांची आपल्याकडे कायमच गल्लत होते. लग्नाच्या डीजेपासून याची उदाहरणं द्यायला लागलो तर लेख तिकडेच जाईल.

दुसरं भोक अंतराचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. टॅबपासून अर्ध्या मीटरवर 70 डेसिबल मिळत असतील, तर चार मीटरवर 52 उरतात. वर्ग बंदिस्त असल्याने भिंती थोडे परत देतात, पण ते परत दिलेलं म्हणजे घुमणं, आणि घुमणाऱ्या खोलीत आधीच्या अक्षराची शेपटी पुढच्यावर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्गातला पार्श्वभूमीचा गोंगाट 35 डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. बोलणं गोंगाटाच्या पंधराएक डेसिबल वर असावं, ही श्रवणतज्ज्ञांची नेहमीची अपेक्षा. आषाढातली सर पत्र्यावर आली, की समोरासमोर बोलणाऱ्या दोन माणसांनाही आवाज चढवावा लागतो; तिथे हे 52 डेसिबल कुठल्या कुठे बुडतात. मोबाइल त्याच्या पाच-सात डेसिबल खाली असेल, तर तो थोडा आधी बुडतो, इतकंच. खालापूरच्या पोटातून द्रुतगती मार्ग जातो, कर्जतला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. पण वाहनांचा गोंगाट बराचसा खालच्या स्वरांचा असतो. पत्र्यावरचा पाऊस सगळ्या पट्ट्यांत पसरतो आणि नेमका ‘स’-‘श’च्या जागेवरही बसतो.

यावर कुणी म्हणेल, इअरफोन लावा, प्रश्न मिटला. एका कानापुरता मिटतोच. इअरफोन लावल्याबरोबर उपकरणाच्या पोटातल्या जागेला अर्थ उरत नाही आणि टॅब व मोबाइल एका ओळीत येतात. चांगल्या वायरच्या इअरफोनवर साधा मोबाइल महागड्या टॅबच्या उघड्या स्पीकरला सहज मागे टाकेल. यात एक उलटी गंमतही आहे. वायर खुपसायचं गोल भोक श्रीमंत उपकरणांतून आधी गेलं, आयफोनमधून 2016 साली आणि आयपॅड प्रोमधून 2018 साली. स्वस्त मोबाइल आणि टॅबमध्ये ते अजून पुष्कळदा सापडतं. पण वर्ग म्हणजे सुट्या कानांची बेरीज नव्हे. एक टॅब, भोवती पाच डोकी, त्यातलं एक चुकलं की बाकीची चौघं हसतात आणि दुरुस्त करतात, ही शिकण्याची रीत इअरफोनने तुटते. शिवाय वायरी तुटतात आणि बोंडं हरवतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या कानात सामायिक बोंडं घालणं कुठल्याही बाईंना पटणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गुणवत्ता घेऊन काय करता, मोबाइल निदान घरात असतो, टॅब शाळेच्या कपाटात कुलपाआड. 2020च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगडातली वीज नेली, आणि 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शालेय पाठांची मालिका सुरू झाली तरी कित्येक घरांत हाताशी होता तो वडिलांचा एकुलता एक मोबाइल. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मोबाइल त्यांच्याबरोबर जातो, टॅब जात नाही. हे सगळं मान्य. मी टॅब घ्या असं म्हणतच नाही. पण पोच आणि गुण यांना एकमेकांविरुद्ध उभं करण्याची गरज काय? मोबाइलच पोचणार असेल तर मोबाइलला शोभेल असा आवाज पाठवावा: सांगणारी व्यक्ती माइकच्या जवळ, खोलीत घुमणं नाही, मागे वाजणारी धून तर मुळीच नको. शैक्षणिक ध्वनिफितींना पार्श्वसंगीत चिकटवायची जी हौस आहे, ती छोट्या स्पीकरवर थेट शब्दांच्या अंगावर येते. खराब रेकॉर्ड केलेला पाठ कुठलंही उपकरण सुधारून देत नाही.

आणि वर्गात? बहुतेक शाळांत 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला बाहेर निघणारा एक स्पीकर असतो. एरवी तो कपाटात, फडक्यात गुंडाळलेला. साध्या वायरने तो मोबाइलला जोडला, तर त्याच्या सहा-आठ इंची कर्ण्यासमोर टॅब की मोबाइल हा वाद उरतच नाही. सर जोरात आली की पोरांना त्याच्याभोवती जवळ घ्यावं. चार मीटरचं अंतर एक मीटरवर आलं की बारा डेसिबल फुकट मिळतात. पत्र्याखाली जाड छत मारलं तर पाऊसच धीमा होतो. यातल्या एकाही गोष्टीला नवं उपकरण लागत नाही. म्हणूनच बहुधा ती कुठल्या देणगीच्या फलकावर येत नाही. छताच्या आस्तरावर देणगीदाराचं नाव कसं घालणार?

तरीही टॅब घ्यायचेच ठरले, तर ते कसे पारखावेत याचा धडा तालुक्यातच आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने ‘कर्जत-3’, ‘कर्जत-7’ असे वाण दिले, ते खरिपाच्या चिखलात लावून पाहिल्यावर. टॅबच्या नमुन्यांची परीक्षा मात्र बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली, चहा येईपर्यंत होते. ती जुलैत, पत्र्याच्या वर्गात, पाऊस चालू असताना घ्यावी. टॅब आणि मोबाइल शेजारी ठेवावेत, दोन्हींवर पन्नास शब्दांची एकच यादी वाजवावी, आणि शेवटच्या ओळीतल्या मुलांनी ऐकलेला शब्द लिहावा. यादीत कडा आणि खडा असावेत, साल आणि शाल असावेत, काल आणि काळ असावेत. लिहून झाल्यावर पाट्या गोळा कराव्यात आणि दरपत्रकाच्या शेजारी मांडाव्यात.