हरता येईल अशी भेट

शीव स्टेशनबाहेर खेळण्यांच्या कुठल्याही दुकानात जा, दोन प्रश्न हमखास येतात. "लडका है के लडकी? कितने साल?" दुसरा प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांच्या पोराच्या हाती बारीक तुकड्यांचं खेळणं देऊ नये. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की मात्र अर्धं दुकान आपल्यापुरतं बंद होतं. 'मुलगी' म्हणा, काउंटरवर गुलाबी ढीग लागतो: किचन सेट, बाहुली, मणी ओवायचा डबा, खोट्या लिपस्टिकची पेटी. 'मुलगा' म्हणा, लगेच गाड्या आणि क्रिकेटचा सेट. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. आपण जे नेत आलो, तेच तो पुढे करतो.

शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला काय न्यावं, या विचारात मी असाच काउंटरपाशी घोटाळत होते, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मुलीला बारशापासून जे मिळत जातं ते बहुतेक अंगावर घालायचं असतं. चांदीचे वाळे, मग पैंजण, फ्रॉक, परकर-पोलकं, बांगड्या, क्लिपा. आहेर घ्यायला किंग्ज सर्कलच्या गांधी मार्केटात गेलं तरी पाय कापडाच्याच दुकानाकडे वळतात. उरलेलं असतं ते भातुकलीच्या जातीचं. भातुकलीला मी नावं ठेवणार नाही. धारावीच्या कुंभारवाड्यातून आणलेल्या बोळक्यांत चुरमुऱ्यांचा भात शिजवून मीही पंगती उठवल्या आहेत, आणि त्या पंगतीत जी कल्पनाशक्ती लागते ती कमी प्रतीची नसते. पण एक आहे: भातुकलीत कुणी हरत नाही.

मैदानावर हुंदडणारी पोरं रोज संध्याकाळी हरतात. पहिल्याच चेंडूवर दांडी उडते, भांडण होतं, बॅटवाला बॅट घेऊन घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ मांडला जातो. हरण्याची ही सवय फुकट मिळणारी चीज आहे. ती मुलींच्या वाट्याला कमी येते. नीटनेटकी चित्रवही, रंगवलेली पणती, पाठ केलेलं नृत्य, सगळीकडे शाबासकी. मग पहिली हार थेट दहावीत किंवा नोकरीच्या मुलाखतीत भेटते, आणि तिच्याशी ओळख नसल्यामुळे ती फार मोठी वाटते.

म्हणून मला गिरगावातल्या 'नवाकाळ'कर खाडिलकरांच्या मुली आठवल्या. वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा 1974 साली सुरू झाली. पहिलं विजेतेपद वासंतीने घेतलं आणि पुढे 1983पर्यंत ते या बहिणींच्या घराबाहेर गेलं नाही: रोहिणी पाच वेळा, जयश्री चार वेळा. या आकड्यांची एक बाजू आपण विसरतो. जिंकणारी एक बहीण म्हणजे मागे राहिलेल्या दोन. एकाच घरातल्या, एकाच ताटात जेवलेल्या मुली एकमेकींकडून हरत होत्या आणि पुन्हा पट मांडत होत्या. प्रतिस्पर्धी घरातच असणं ही केवढी चैन!

बाहेर मात्र निराळाच पेच होता. 1976 साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव हे स्वतः माजी जगज्जेते; त्यांनी निर्वाळा दिला की बाई म्हणून कुणालाही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. रोहिणीने त्या स्पर्धेत तीन राज्यविजेत्यांना हरवलं. मुलीने खेळू नये असं वाटणाऱ्यांना तिच्या पराभवाची काळजी होती, की स्वतःच्या, हे ज्याचं त्याने ठरवावं. 1981 साली ती आशियाई विजेती झाली. आणि अलीकडे, जुलै 2025मध्ये, नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय बाईच बसलेली होती.

भेट देताना ग्रँडमास्टर घडवायचा विचार करायचा नसतो, हे मला कळतं. मुलीला बाहुलीच हवी असेल तर बाहुलीच द्यावी. वाढदिवस तिचा आहे, आपल्या मतांचा नाही. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं मी डोळे मिटून देते. आमच्या इमारतीतले एक आजोबा प्रत्येक नातीच्या आईबापांना 'सुकन्या समृद्धी' सुचवतात: दहा वर्षांच्या आत खातं उघडा, वर्षाला कमीत कमी 250 रुपये टाका. हिशेब चोख आहे. फक्त आठव्या वर्षी उघडलेलं खातं पिकतं एकोणतिसाव्या वर्षी, आणि केक कापून झाल्यावर पासबुकाशी खेळता येत नाही.

हरता येईल अशा वस्तू दुकानात असतात, पण त्या मागाव्या लागतात. बुद्धिबळाचा पट, कॅरम, बॅडमिंटनच्या रॅकेटी, साधी लगोरीसुद्धा. रॅकेटी दोन घ्याव्यात. एक रॅकेट ही भेट नसते, टोमणा असतो. शीवच्या वन रूम किचनमध्ये कॅरम कपाटामागे उभा राहतो आणि सणासुदीलाच बाहेर येतो, म्हणून मी पटाच्या बाजूची. घडीचा पट खणात मावतो, वीज लागत नाही, शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. प्यादी हरवतात, हे खरं. त्यांच्या जागी शर्टाची बटणं चालतात.

अडचण एकच, आणि ती देणाऱ्याची आहे. किचन सेट देऊन हात झटकता येतात; पट दिला की समोर कुणीतरी बसावं लागतं. आईला ऑफिस, बाबांची लोकल, दादाचा क्लास. मग पट खणात पडून राहतो आणि "हिला आवड नाही हो" असं ठरून जातं.

तेव्हा पट द्याल तर कागदात गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून निघून येऊ नका. वेफर्स संपले की सतरंजीवर बसा, घोडा अडीच घरं कसा जातो ते दाखवा आणि पहिला डाव तुम्हीच खेळा. मुद्दाम हरू नका, पोरींना ते ताबडतोब कळतं. आणि पुढच्या वर्षी तिने खरोखर मात दिली, तर चष्मा घरी राहिला होता असं सांगू नका.