एलियाची झोप



"फादर, रात्री झोप लागत नाही, एखादी प्रार्थना सांगा," असे अनेकजण म्हणतात. प्रार्थना जरूर करू या. पण त्याआधी एलिया संदेष्ट्याकडे पाहू.

कर्मेल डोंगरावर बआलच्या पुजाऱ्यांना हरवणारा हा धाडसी पुरुष ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून रानात पळाला. एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले (१ राजे १९). देव त्याला रागावला नाही. उपदेशही केला नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने उठवले तेही भाजलेली भाकर आणि पाणी देण्यासाठी. खाऊन-पिऊन एलिया पुन्हा आडवा झाला, तरी देवदूताने त्याला हटकले नाही! दुसऱ्यांदा उठून जेवल्यावर मात्र तो चाळीस दिवस चालत होरेब पर्वतावर पोहोचला. देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती तिथे.

खचलेल्या माणसाची श्रद्धा कमी पडली, असे आपण चटकन बोलून जातो. कधी कधी त्याची झोप कमी पडलेली असते. प्रौढांना किमान सात तास झोप हवी, किशोरवयीन मुलांना आठ ते दहा. सतत अपुरी झोप झाली तर रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो. चिडचिड तर घरच्यांवर निघतेच.

पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबण्याची धडपड देवाविना व्यर्थ आहे, असे १२७वे स्तोत्र सांगते. पण चार वाजता उठून सर्वांचे डबे करणाऱ्या आणि मग गाडी पकडणाऱ्या आईला कृपा करून हे स्तोत्र ऐकवू नका! तिला देवावरचा भरवसा शिकवण्यापेक्षा रात्रीची भांडी तुम्ही घासा. पहाटे पाणी भरण्याची पाळी मोठ्या मुलाने घ्यावी. लग्नघरांनीही आजाऱ्यांचा आणि तान्ह्या बाळांचा विचार करावा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे.

चहा-कॉफी दुपारनंतर टाळलेली बरी. दारूने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्री झोप मोडते. जोराने घोरणाऱ्याचा श्वास मध्येच अडकत असेल, तर नवस नको, डॉक्टरांकडे न्या.

चिंतेमुळे जागणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी जानेवारी २०१५ मध्ये मनिला येथे कुटुंबांना सांगितले होते, की त्यांच्या मेजावर झोपलेल्या संत योसेफची मूर्ती आहे. काही अडचण आली की ते ती एका कागदावर लिहीत आणि तो कागद त्या मूर्तीखाली सरकवत.

संत योसेफची तसबीर आपल्याही घरात असेल. आज रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवा, आणि उशाशी कागद-पेन्सिल.