चार बोटं खाली

जुन्या मालवाहू व्हॅनच्या मागच्या चाकांपाशी वाकून पाहिलं, तर बऱ्याच गाड्यांमध्ये एक छोटी झडप दिसते. झडप गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेली असते. तिच्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग निघते आणि चाक पेलणाऱ्या भागाला जाऊन अडकते. गाडीत माल किती आहे हे ओळखून त्या मानानं मागच्या ब्रेकला दाब द्यायचा, एवढंच तिचं काम. सेन्सर नाही, चिप नाही. आणि गंमत म्हणजे ती वजन मोजतच नाही. ती मोजते उंची.

माल भरला की स्प्रिंग दबतात, गाडीचं पोट चाकांच्या जवळ येतं, दांडी हलते, आणि झडप समजते की ओझं आहे, मागच्या ब्रेकला दाब वाढवायला हरकत नाही. गाडी रिकामी झाली की पोट वर जातं आणि झडप मागचा दाब आवरता घेते. हे आवरणं फार महत्त्वाचं असतं. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला जास्त ब्रेक लागला तर ते जागच्या जागी थांबतं आणि रस्त्यावरून घसरू लागतं. घसरणाऱ्या चाकाला दिशा धरता येत नाही. पुढची चाकं अशी अडकली तर गाडी निदान सरळ जाते, फक्त वळत नाही. मागची अडकली तर गाडीचं बूड पुढे यायला बघतं आणि अख्खी गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

हे सगळं मी शिकलो ते ब्रिस्टलजवळ माझ्या शेजाऱ्याच्या दारात, एका शनिवारी. तो सुतार. त्याच्याकडे फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टरची चौथी पिढी आहे, जिला इथे सगळे टी-फोर म्हणतात. १९९० ते २००३ या काळात ती बनत होती. इंग्लंडमध्ये या व्हॅनवर प्रेम करणारे लोक पुष्कळ: कुणी आत पलंग आणि शेगडी बसवतं, कुणी रंग बदलतं, आणि बरेच जण ती खाली बसवतात. शेजाऱ्यानं आता सामान वाहण्यासाठी दुसरी गाडी घेतली होती. जुनीला शनिवार-रविवारी समुद्रावर न्यायचं होतं, आणि न्यायची तर ऐटीत. मागून ६० मिलीमीटर खाली. म्हणजे साधारण चार बोटं.

मी पान्हे हातात द्यायला उभा होतो. काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. पुढच्या चाकांना अडण लावायची, गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे बोल्ट सैल करायचे, मग जॅकनं उचलून भक्कम स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढला की चाकाचा आर्म खाली येतो आणि जुनी स्प्रिंग सुटते. तिच्या जागी आखूड आणि जास्त कडक स्प्रिंग बसते. कडक का, तर आता दबायला जागा कमी उरलेली असते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत टेप लावून दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, ते पाहायचं. दुपारपर्यंत गाडी खाली बसली होती, आणि खरंच सुंदर दिसत होती.

मग शेजारी परत खाली सरपटत गेला आणि म्हणाला, “आता हिला खरं सांगायला हवं.”

हिला म्हणजे झडपेला. गाडी पूर्ण रिकामी होती, पण झडपेच्या लेखी ती मालानं भरलेली होती. उंची कमी म्हणजे ओझं जास्त, एवढंच तिला माहीत. पावसाळी रस्त्यावर कुणी जोरात ब्रेक मारला असता, तर तिनं इमानेइतबारे मागच्या चाकांना भरल्या गाडीचा दाब दिला असता. याच्या उलटही होतं. कडक स्प्रिंग टाकून गाडी उंच केली, तर माल भरूनही झडपेला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक हवा तेव्हा अपुरा पडतो. दोन्ही वेळा झडप बिघडलेली नसते. तिला मिळणारी खूण बिघडलेली असते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मी एक शब्दही खोटा बोललो नाही, फक्त माझीच वस्तू माझ्या मनाप्रमाणे बदलली, आणि त्या वस्तूकडे पाहून दुसऱ्यानं चुकीचा निष्कर्ष काढला, तर त्या निष्कर्षाची जबाबदारी माझी का?

पहिलं उत्तर सोपं आहे: नाही. गाडी माझी, स्प्रिंग माझी. उंचीवरून वजन ओळखण्याचा मूर्खपणा झडप बनवणाऱ्याचा. वजन हवं होतं तर वजन मोजायचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा वाद रोज होतो. माझ्या प्रोग्रॅममधली एखादी किरकोळ गोष्ट, जी कुठे लिहून दिलेली नाही, तिच्यावर दुसरी टीम विसंबून राहते. मी ती बदलतो. माझ्या सगळ्या चाचण्या पास होतात आणि त्यांचं काम कोसळतं. मग मीटिंगमध्ये एकच वाक्य: तुम्ही त्यावर विसंबायलाच नको होतं.

या उत्तराच्या बाजूनं एक मोठा माणूस उभा आहे. इमान्युएल कांट खोट्याच्या बाबतीत इतका कडक, की मित्राचा जीव वाचवण्यासाठीही खोटं बोलू नये असं त्यानं १७९७ सालच्या निबंधात मांडलं. पण त्याच्याच नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत एक उदाहरण येतं: मी सामान बांधायला घेतलं आणि पाहणाऱ्यांना वाटलं की मी प्रवासाला निघालोय, तर ते खोटं बोलणं नव्हे. मी काही सांगितलंच नाही. निष्कर्ष त्यांचा.

दुसऱ्या बाजूला आपल्याकडची गोष्ट आहे, आणि तीही गाडी खाली बसण्याचीच. युधिष्ठिराचा रथ म्हणे जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, हे खरं. पण युधिष्ठिरानं ते अशा रीतीनं सांगितलं की द्रोणाला आपला मुलगा गेला असं वाटावं, आणि रथ जमिनीला टेकला. गोष्ट लहानपणी ऐकताना माझं लक्ष हत्तीकडे असायचं. आता वाटतं, कळीचा मुद्दा द्रोण आहे. बातमी खरी की खोटी हे विचारायला त्यानं युधिष्ठिरालाच निवडलं, कारण हा माणूस खोटं बोलत नाही यावर त्याचा भरवसा होता. युधिष्ठिर त्याची झडप होता.

कांट आणि महाभारत यांच्यात मला निवड करावी लागत नाही, कारण दोन्हीकडचे ऐकणारे वेगळे आहेत. खिडकीतून माझी बॅग पाहणाऱ्या शेजाऱ्याला माझ्या प्रवासाशी काही देणंघेणं नाही. त्याचा अंदाज चुकला तर कुतूहल चुकलं, बस. द्रोणाचं सगळं त्या उत्तरावर उभं होतं. म्हणजे प्रश्न ‘मी बोललो का’ एवढाच नाही. प्रश्न असा, की माझ्याकडे पाहून कुणी ब्रेक किती दाबायचा हे ठरवतंय का? ठरवत असेल आणि मला ते माहीत असेल, तर माझी वस्तू बदलण्याचा हक्क माझाच राहतो; पण बदल कळवण्याचं काम त्या हक्काबरोबर येतं.

शेजाऱ्यानं काही फसवायला स्प्रिंग बदलली नव्हती. तरी चाक अडकायचं ते अडकलंच असतं. हेतू स्वच्छ असणं रस्त्याला कळत नाही. म्हणून झडपेची दांडी जुळवायची, आणि नेमकी जुळणी ब्रेकमधला दाब मोजून करून घ्यायची. विमा कंपनीला कळवायचं. इथल्या २०१२ च्या कायद्यानं विमा घेताना चुकीची माहिती न देण्याची वाजवी काळजी ग्राहकावर टाकली आहे. आणि गाडी विकली तर पुढच्या मालकाला सांगायचं. त्याला ती फक्त सुंदर दिसणार आहे.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीनं का लिहितोय? कारण माझा रविवारचा फोन.

माझे बाबा कोल्हापूरला असतात. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. मला कळलं आठ दिवसांनी, तेही मावसभावाच्या तोंडून. मधल्या रविवारी आम्ही बोललो होतो. आवाज खणखणीत होता. “मजेत आहे रे, तू जेवलास का?” आणि मग क्रिकेट. एकही शब्द खोटा नव्हता. मॅच खरोखरच झाली होती. नंतर विचारलं तर म्हणाले, “तू तिकडे एकटा. कशाला जिवाला घोर?”

बाबांनी कडक स्प्रिंग टाकली होती. आत ओझं पुरेपूर, आणि गाडी उंच.

त्यांची बाजू मला कळते. शरीर त्यांचं आहे. त्याबद्दल काय सांगावं हे ठरवण्याचा अधिकार माझ्यापेक्षा त्यांचा मोठा आहे. उठता-बसता कण्हणाऱ्याला आपल्याकडे रडतराऊत म्हणतात आणि त्याचं ऐकणं लोक हळूहळू सोडून देतात. ते व्हायचं नाही, हा त्यांचा जन्मभराचा बाणा. शिवाय यात प्रेम आहे. युधिष्ठिरासारखं कुणाला शस्त्र खाली ठेवायला लावायचं नव्हतं. पण साडेसात हजार किलोमीटरवरून मी सुट्टी कधी टाकायची, तिकीट कधी काढायचं, हे त्या आवाजाच्या उंचीवरून ठरवतो. माझ्याकडे दुसरं मापच नाही. ते माप मला काळजीपासून वाचवण्यासाठी बदललं, तर मी काळजीपासून वाचत नाही. मी फक्त उशिरा पोचतो.

मी त्यांना झडपेची गोष्ट सांगितली. त्यांनी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत, त्यामुळे चित्र काढून समजवावं लागलं नाही. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे दांडी जुळवायची.”

आमचं ठरलंय ते एवढंच. सगळं सांगायचं नाही. रात्री झोप लागली नाही, गुडघा दुखतो, शेजाऱ्याशी वाजलं, हे ज्याचं त्याच्याजवळ राहू दे. पण डॉक्टरांकडे गेलात तर ते काय म्हणाले, त्यांच्या शब्दांत, क्रिकेटच्या आधी. आणि हे दोन्हीकडून. माझ्या आवाजावरून तेही काही ठरवतात, रात्री झोपायचं की जागं राहायचं, एवढं तरी. आवाज कसा ठेवायचा हे ज्यानं त्यानं ठरवावं. ऐटीत राहायला कुणाची ना नाही.