मुलांवरून आईबापांची पारख

दहावीचा निकाल लागला, कुणाचा मुलगा हाफिज झाला, कुणाच्या मुलीने शिक्षण सोडले, की मोहल्ल्यात आईबापांचेही मोल ठरू लागते. ही पारख न्याय्य आहे काय? पवित्र कुरआनच्या सूरह हूदमध्ये हजरत नूह (अलैहिस्सलाम) आपल्या पुत्राला नौकेत येण्यासाठी हाक देतात. तो ऐकत नाही व बुडतो. म्हणून त्यांच्या पैगंबरीला उणेपणा आला नाही. उलट, मूर्तिपूजक आजरचे पुत्र हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) होते; त्याचे श्रेय आजरला मिळाले नाही. संतती ही अमानत व कसोटी आहे, आईबापांचे प्रशस्तिपत्र नव्हे. संगोपनाचा जाब आपल्याला द्यावा लागेल. हिदायत मात्र अल्लाहच्याच हाती आहे. म्हणून टोमणे ऐकणाऱ्या मातेने शेजारणीच्या मुलाकडे पाहू नये. आज आपण आपल्या मुलाला प्रेमाने हाक दिली का, एवढेच स्वतःला विचारावे.